परक्यांच्या मुलांचे गुरुजी : कै. पं. विष्णु दिगंबर पलुसकर



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र छापण्याची पद्धत आहे. सावित्रीबाई, अहिल्यादेवी, रमाबाई रानडे अशा मोठमोठ्या स्त्रियांची चरित्रे आजवर आपण वाचली. यंदा हे काम चिटणीसबाईंनी माझ्यावर सोपविले. माझे शिक्षण सातवीपर्यंत आणि लिहिण्याची सवय म्हणाल तर वाणसामानाची यादी व भिशीचा हिशेब एवढीच. तेव्हा भाषेकडे न पाहता मजकुराकडे पाहावे, ही विनंती.

मी एका गाणे शिकविणाऱ्या गुरुजींचे चरित्र निवडले आहे. त्याला कारणे दोन. पहिले हे की, ते आपल्याच मुलखातले. माझे माहेर शिरोळ तालुक्यातले. कुरुंदवाड आणि नरसोबाची वाडी ही गावे आमच्या रोजच्या बोलण्यातली. दुसरे कारण आपल्या मंडळातलेच आहे. शनिवारी दुपारी आपला हॉल रिकामा असतो, तेथे गल्लीतल्या मुलांसाठी गाण्याचा वर्ग सुरू करावा की नाही, हा विषय दोन महिने चालला आहे. कोणी म्हणतात, मुलांचा अभ्यास बुडेल. कोणी म्हणतात, ज्याला गळा आहे त्याने क्लासला जावे, सरसकट सगळ्यांना गाणे कशाला? पुढच्या सभेत याचा निकाल व्हायचा आहे. त्याआधी हे चरित्र सर्वांच्या वाचनात यावे असे मला वाटले.

विष्णुबुवांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाडला झाला. त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ, पण पलूस गावावरून ते पलुसकर झाले. पलूस आपल्या सांगली जिल्ह्यातले, आज ते तालुक्याचे ठिकाण आहे. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. कीर्तनकाराच्या घरातले मूल पाळण्यापासूनच टाळ-मृदंग ऐकत वाढते. विष्णूच्याही कानांवर अभंग, आर्या, पदे लहानपणापासून पडली. परंतु मुलाने गवई व्हावे, असे कोणाच्या मनात नव्हते. तो शाळेत जात होता, चार बुके शिकला असता, कुठे तरी कारकुनी मिळाली असती.

दैवाने निराळेच योजिले होते. नरसोबाच्या वाडीला दत्तजयंतीचा उत्सव मोठा असतो, हे आपल्याला माहीत आहेच. अशाच एका दत्तजयंतीला शोभेची दारू उडत असताना या मुलाच्या तोंडाजवळ फटाका उडाला. जीव वाचला, पण डोळ्यांना इजा झाली आणि दृष्टी कायमची अधू झाली. ज्या घरात मुलाच्या शिक्षणावर सगळी आशा असते, त्या घरावर असा प्रसंग आला म्हणजे काय होते, ते आया जाणतात. पाटी-पुस्तक बंद झाले. इलाजासाठी मुलाला मिरजेला नेले. डोळे पूर्ववत होण्यासारखे नव्हते. पण गळा चांगला होता, कान तयार होता. तेव्हा आता याला गाणे शिकवावे, असे ठरले. मिरजेच्या संस्थानिकांनी आश्रय दिला आणि मुलगा पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाती सोपविला गेला.

बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजविणारे थोर गवई. त्या काळी गुरूच्या घरी राहायचे, पडेल ते काम करायचे आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा शिकायचे, अशी रीत होती. ठरावीक तास नाहीत, पुस्तक नाही, वही नाही. आज काय शिकलो आणि उद्या काय शिकणार, हे शिष्याला ठाऊक नसे. विष्णुबुवांनी अशी सुमारे नऊ वर्षे काढली. पहाटेपासून तंबोरा मांडीवर घेऊन रियाज केला. विद्या पक्की झाली. पण मनात एक गोष्ट सलत राहिली.

गाणाऱ्या माणसाला तेव्हा समाजात मान नव्हता. राजे-सरदार गाणे ऐकत, वाहवा करीत, शालजोडीही देत. पण पंगतीला मानाने बसवीत नसत. मिरजेत एका समारंभाला गावातल्या साऱ्या प्रतिष्ठितांना बोलावणे गेले आणि बाळकृष्णबुवांना मात्र गेले नाही, कारण ते पडले गवई, अशी हकीकत सांगतात. ज्या गुरूच्या पायाशी आपण बसतो, त्याला गावात किंमत नाही, हे तरुण शिष्याच्या मनाला फार लागले. प्रतिष्ठित घरात मुलाने गाणे शिकतो म्हटले तर बापाच्या कपाळाला आठी पडे. मुलीने तर नावच काढायला नको. एवढी सुंदर विद्या, पण ती दोनच ठिकाणी दिसे, एक राजाच्या दरबारात आणि दुसरी माडीवर. चुलीपाशी, देवघरात, शाळेत ती कुठेच नव्हती.

विष्णुबुवांनी मनाशी ठरविले की, ही विद्या साध्या संसारी लोकांच्या घरात न्यायची. 1896 साली त्यांनी मिरज सोडली. दरबारी नोकरी पत्करली असती तर जन्मभर सुखाने राहिले असते, पण ती वाट त्यांनी धरली नाही. सातारा, बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली करीत ते उत्तरेकडे गेले. सौराष्ट्रात असताना त्यांनी तिकीट लावून जाहीर गाणे केले. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण त्यापूर्वी चांगले गाणे ऐकायचे तर राजवाड्यात नाही तर सावकाराच्या दिवाणखान्यात आमंत्रण लागे. आता ज्याच्या गाठीला थोडे पैसे असतील तो शिंपी असो, मास्तर असो, दुकानदार असो, पुढ्यात बसून गाणे ऐकू शकत होता.

फिरत फिरत बुवा पंजाबात लाहोरला पोहोचले. लाहोर आज पाकिस्तानात आहे. तेव्हा देश एकच होता. कृष्णाकाठचा मराठी माणूस, नजर अधू, मुलूख परका, बोली परकी, उन्हाळा अंग भाजणारा. अशा ठिकाणी 5 मे 1901 रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालय नावाची गाण्याची शाळा उघडली. राजाच्या पैशावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या मैफलींच्या मिळकतीवर.

शाळा उघडली खरी, पण विद्यार्थीच येईनात! फलक लागला, सतरंजी अंथरली आणि समोर कोणी नाही. बुवा रोज ठरल्या वेळी येत, तंबोरा लावीत आणि एकटेच गात बसत. शाळेची वेळ संपली म्हणजे उठत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच. हळूहळू लोकांचे कुतूहल वाढले, शहरातल्या एका न्यायमूर्तींसारख्या वजनदार गृहस्थांनी लक्ष घातले, चार घरची मुले येऊ लागली आणि मग ओघ सुरू झाला. नव्या कामात पहिल्या सभेला तीन बायका आल्या म्हणून हिरमुसणाऱ्या आपण, आपल्याला ही रिकामी सतरंजी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता या शाळेत निराळे काय होते, ते सांगते. वर्ग होते, वेळापत्रक होते, अभ्यासक्रम होता, परीक्षा होत्या आणि प्रमाणपत्रेही होती. एका वेळी पुष्कळ मुले एकत्र बसून शिकत. आज काय शिकायचे आणि वर्षाअखेर कुठवर जायचे, हे मुलाला ठाऊक असे. बुवांना स्वतःला जे मिळाले नव्हते, ते त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना दिले.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पुस्तके. घराण्याच्या चिजा म्हणजे घराण्याचे धन, ते बाहेर जाऊ द्यायचे नाही, अशी पूर्वीच्या गवयांची समजूत. गुरू गेला की त्याच्याबरोबर कितीतरी विद्या जाई. बुवांनी सूर आणि ताल कागदावर लिहिण्याच्या खुणा ठरविल्या. आपल्या घरी आजीच्या हातच्या लोणच्याला तोड नसते. मीठ किती, मोहरी किती विचारले तर ती म्हणते, अंदाजाने घालायचे. आजी गेली की ते लोणचेही गेले. कोणी तरी तिच्याशेजारी बसून माप लिहून ठेवले, तर सुनेच्या सुनेलाही ते घालता येईल. बुवांनी गाण्याचे असे माप लिहून ठेवले. लाहोरला त्यांनी स्वतःचा छापखाना घातला आणि पुस्तके काढली. त्यांत लहान मुलांसाठी संगीत बालप्रकाश नावाचे पुस्तक होते आणि स्त्रियांसाठी महिला संगीत नावाचे होते. संगीतामृत प्रवाह नावाचे मासिकही त्यांनी चालविले. ज्याची पाटी लहानपणी नजरेपायी सुटली, त्याने दुसऱ्यांच्या मुलांसाठी पुस्तके छापावीत, हे वाचून मला फार भरून आले.

गाण्याचे शब्द कसे असावेत, याकडेही त्यांचे लक्ष होते. जुन्या पुष्कळ चिजांचे शब्द मुलांच्या तोंडी देण्याजोगे नव्हते. राग तोच, ताल तोच ठेवून बुवांनी त्यांत देवाचे, भक्तीचे शब्द घातले. त्यामुळे बापाला मुलीला गाण्याला पाठविण्याचा संकोच उरला नाही. मुली आणि गृहिणी यांनीही शिकावे, असा त्यांचा आग्रह होता. स्वतःच्या पत्नीला, रमाबाईंना, त्यांनी गाणे शिकविले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे करणे किती अवघड होते, ते आपल्या आज्या-पणज्यांच्या गोष्टी ऐकलेल्यांना सांगायला नको.

शाळेत दोन प्रकारचे विद्यार्थी असत. एक, फी भरून ठरल्या वेळी येणारे आणि दुसरे, तेथेच राहणारे. या राहणाऱ्या मुलांना उपदेशक वर्गातले म्हणत. त्यांच्याकडून नऊ वर्षांचा करार लिहून घेत. त्यांचे राहणे, जेवण, शिक्षण सारे बुवांकडे. शिकून झाले की या मुलांनी गावोगाव जाऊन दुसऱ्यांना शिकवायचे, हा हेतू होता. शिस्त कडक होती. पहाटे उठणे, प्रार्थना, मेहनत, शिकणे आणि मोठ्यांनी धाकट्यांना शिकविणे, असा दिवस जाई. त्या घरातल्या चुलीचा मी विचार करते. आपल्याकडे चार पाहुणे आले तरी पिठाचा डबा तळ दाखवितो. इतक्या वाढत्या वयाच्या मुलांचे दोन वेळचे पान वाढणे काही थट्टा नव्हे. बुवा मैफली करीत, मुलूख फिरत, बिदागी आणीत आणि ती या मुलांच्या पोटात आणि शाळेच्या भाड्यात जाई.

आणि मुले तरी कुठकुठली! मिरजेचे विनायकराव पटवर्धन 1907 साली लाहोरला गेले, तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे होते. मिरजेहून लाहोर म्हणजे आगगाडीत दिवस मोजावे लागत. त्या आईने लाडू बांधून देताना काय विचार केला असेल, कोण जाणे. कोल्हापूरचे शंकरराव आणि नारायणराव व्यास हे दोघे भाऊ बुवांकडे आले. तासगावचे नारायणराव खरे आले. मिरजेचे देवधर आले. गुजरातेतले ओंकारनाथ ठाकूर अतिशय गरिबीतून आले. भडोचच्या एका पारशी गृहस्थांनी त्यांना बुवांच्या शाळेत पाठविले.

या मुलांचे पुढे काय झाले, हे पाहिले म्हणजे गुरुजींचे काम कळते. ओंकारनाथ एवढे मोठे गवई झाले की, 1950 साली काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे प्रमुख म्हणून बसले. नारायणराव व्यासांच्या गाण्याच्या तबकड्या घरोघर वाजल्या. गांधीजींना आश्रमासाठी गाणे शिकविणारा माणूस हवा होता, तेव्हा बुवांनी नारायणराव खऱ्यांना साबरमतीला पाठविले. आश्रमाची प्रार्थना आणि भजने त्यांनी बसविली आणि 1930 च्या दांडीयात्रेतही ते गांधीजींबरोबर चालले. देवधर मास्तरांनी मुंबईत शाळा काढली आणि तेथे कुमार गंधर्व लहान वयात शिकायला आले. एका दिव्यावर दुसरा लावावा, तसे हे चालले.

बुवांवर टीकाही झाली. शाळेत घाऊक गवई तयार होतात काय, गाणे हे घराण्यात मुरावे लागते, वर्गात बसून कोणी तानसेन झाला आहे काय, असे लोक विचारीत. बुवांचे म्हणणे साधे होते. प्रत्येकाला तानसेन करणे हा आपला हेतूच नाही. कान तयार असलेले, चांगले काय ते ओळखणारे कानसेन तयार व्हावेत, हा हेतू आहे. दहा हजार घरांत गाणे समजणारी माणसे असतील, तर गाणाराही जगेल आणि गाणेही जगेल.

हे वाचताना मला माझी शाळा आठवली. स्नेहसंमेलनात समूहगीत होते. सुरात न येणाऱ्या आम्हा सात-आठ जणींना शिकविणाऱ्यांनी मागच्या रांगेत उभे केले आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवायला सांगितले. आम्ही ते इमानाने केले. त्यानंतर कितीतरी वर्षे हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला कोणी गाणे म्हण म्हटले की मी पदर सावरून स्वयंपाकघरात निघून जात असे. आपल्या मंडळाच्या भजनात मागे बसून पहिल्यांदा मोठ्याने म्हटले तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. मी काही गाणारी झाले नाही आणि होणारही नाही. पण एकादशीच्या भजनात आता मला कळते की, कोण ताल सोडून चालले आहे आणि कोणाचा सूर गोड लागला आहे. त्यात जो आनंद आहे तो मला तीस वर्षे आधी मिळाला असता. बुवांनी कानसेन म्हटले ते माझ्यासारख्यांसाठीच.

मुलांमध्ये राहणे या माणसाला किती प्रिय होते, याचा मी माझ्या परीने विचार केला. ज्याला नुसते नाव आणि पैसा हवा होता, त्याला मैफली पुरेशा होत्या. बुवांचा आवाज भरदार, लौकिक देशभर. राष्ट्रसभेच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् म्हणत. रघुपति राघव या रामधुनीची चाल त्यांचीच म्हणतात. असा माणूस मैफलीत मिळविलेला पैसा घरी न नेता मुलांवर घालतो आणि पुन्हा सकाळी नव्या मुलाला सा लावायला बसवितो. हे नुसत्या कर्तव्याने तीस वर्षे होत नाही. ज्या कामात जीव रमतो, तेच काम माणूस तोट्यात असूनही करतो. लहान मुलाचा सूर पहिल्यांदा जागेवर लागला म्हणजे त्याचा चेहरा कसा उजळतो, ते ज्याने पाहिले त्यालाच त्याची गोडी कळेल. बुवांना तो चेहरा नीट दिसतही नसेल. पण सूर तर ऐकू येत होता.

1908 साली त्यांनी मुंबईला विद्यालय सुरू केले. पुढे सँडहर्स्ट रोडवर कर्ज काढून मोठी इमारत उभी केली. विद्यार्थी वाढले, वाद्ये तयार करण्याचा कारखानाही निघाला. पण कर्ज फिटेना. व्याज वाढत गेले आणि शेवटी ती इमारत लिलावात गेली. कष्टाने बांधलेले घर डोळ्यांदेखत जाणे हे दुःख साधे नव्हे. बुवांचे मन त्याआधीपासूनच रामभक्तीकडे वळले होते. ते नाशकात पंचवटीत राहू लागले, आश्रम काढला, तुलसीरामायण सांगू लागले. अंगावर भगवी वस्त्रे आणि तोंडी रामनाम. विटा-चुन्याची शाळा गेली. पण नऊ-नऊ वर्षे जेवू-खाऊ घालून तयार केलेली मुले गावोगाव शाळा काढून बसली होती. त्यांचा लिलाव कोण करणार?

आता जी गोष्ट सांगते, तिच्यासाठीच मी हे चरित्र लिहायला घेतले. बुवा आणि रमाबाई यांना मुले झाली. पण एकामागून एक लहानपणीच गेली. जगाची मुले घरात गाताहेत आणि आपला पाळणा रिकामा होतो आहे, हे त्या माउलीने कसे सोसले असेल! 28 मे 1921 रोजी त्यांना मुलगा झाला, त्याचे नाव दत्तात्रेय. हा एवढाच जगला. बुवांचे वय तेव्हा पन्नाशीला आले होते. मुलगा मांडीवर बसून रामधून ऐकत मोठा होऊ लागला. पण बापाने पुरते शिकवावे, एवढा अवधी मिळाला नाही. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत बुवांनी देह ठेवला. जेथे शिकले, तेथेच अखेर झाली. मुलगा दहा वर्षांचा होता. घरात इस्टेट नाही, इमारत गेलेली.

मग काय झाले? विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास पुढे आले. आठ-नऊ वर्षांचे असताना ज्यांना बुवांनी लाहोरला सांभाळले, ते विनायकराव आता स्वतः गुरुजी झाले होते. 1932 साली त्यांनी पुण्याला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्यांनी आणि नारायणरावांनी गुरूच्या या पोराला शिकविले. तेच सूर, तीच शिस्त, त्याच चिजा. दत्तात्रेय चौदा वर्षांचा असताना, 1935 साली, पंजाबात जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात गायला बसला. ज्या पंजाबात बाप रिकाम्या सतरंजीसमोर एकटा गात होता, तेथेच! पुढे तो पं. द. वि. पलुसकर या नावाने साऱ्या देशाला माहीत झाला. बैजू बावरा हा 1952 चा बोलपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल; त्यातली गाण्याची जुगलबंदी त्यांनी आणि उस्ताद अमीर खाँसाहेबांनी गायिली आहे. त्यांची रामभजने आजही मोबाइलवर ऐकायला मिळतात. दैवाने त्यांनाही आयुष्य थोडे दिले. ऑक्टोबर 1955 मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. पण आवाज राहिला.

म्हणजे पाहा, बुवांनी जे लोकांच्या मुलांना दिले, ते लोकांच्या मुलांनी त्यांच्या मुलाला परत दिले. बुवांनी विद्या पेटीत कुलूप लावून ठेवली असती, माझी विद्या माझ्याच मुलाला मिळेल असे म्हटले असते, तर दहा वर्षांच्या पोरक्या मुलाच्या हाती काय आले असते? पुतळ्याखेरीज काही नाही. परक्यांच्या मुलांना आपले म्हटले, म्हणून आपले मूल परके राहिले नाही. आपण शेजारणीच्या मुलाच्या ताटात पोळी वाढतो, तेव्हा हिशेब ठेवत नाही. पण आपण आजारी पडलो की तीच शेजारीण आपल्या मुलांना जेवू घालते. हे तसेच आहे.

बुवा गेले त्याच वर्षी, 1931 साली, त्यांच्या शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्यांच्या परीक्षांना आज देशभर मुले-मुली बसतात. आपल्या गल्लीतल्या मुली प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षांची नावे घेतात, त्या याच. 1973 साली सरकारने बुवांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. ज्याच्या गुरूला समारंभाचे बोलावणे मिळाले नव्हते, त्याची मुद्रा घराघरात येणाऱ्या पाकिटावर चिकटली. गाणाऱ्याला मान मिळवून देण्याचे काम असे पुरे झाले.

चरित्र येथे संपले. आता आपल्या शनिवारच्या वर्गाविषयी दोन शब्द.

खर्च फार नाही. पेटी आपल्या कपाटात आहे. तिचे दोन सूर बसले आहेत, ते मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दाखविता येतील. शिकवायला आपल्यातल्याच विशारद झालेल्या दोघी तयार आहेत. अभ्यास बुडेल म्हणणाऱ्यांना माझे सांगणे की, आठवड्यातला एक तास मोबाइलमधून काढला तरी पुरतो. मात्र माझी एक विनंती आहे, ती ठरावात लिहावी. मुले घेताना गळा पाहून निवड करू नये. धुणेभांडी करणाऱ्या बायकांची मुले, भाजीवाल्याची मुले, बोबडे बोलणारे, लाजणारे, सगळ्यांना बसू द्यावे. पहिल्या शनिवारी दोनच मुले आली तर दोघांना शिकवावे. एकही आले नाही, तर आपणच बसून भजन म्हणावे आणि दार उघडे ठेवावे.

त्यातून गवई निघेल की नाही, ते देवाला ठाऊक. नाही निघाला तरी चालेल. दहा-पंधरा मुलांना ताल कळला, एकमेकांच्या सुरात सूर मिळवून म्हणता आले, एवढे झाले तरी आपला हॉल कारणी लागला असे मी समजेन. येत्या नारळी पौर्णिमेला बुवांची जन्मतिथी आहे. वर्ग सुरू करायला याहून चांगला मुहूर्त शोधून सापडणार नाही.

सर्व भगिनींना वर्धापनदिनाच्या शुभेच्छा देऊन लेखणी खाली ठेवते.